सहलीतल्या नगरसेविकेची संकष्टी

महिन्यातून एकदा, संकष्टीच्या संध्याकाळी, ती घटना हटकून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. मी आता निवृत्त आहे. वर्षातले काही महिने शारजाला लेकीकडे, अल मजाजमध्ये मुक्काम असतो. संकष्टीला आमची मंडळी गॅलरीत उभी राहून चंद्राची वाट बघते. मी चहा करून घेतो, पण तो तसाच निवतो.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. शहर म्हणाल तर महाराष्ट्रातलं एक मध्यम शहर. धड मोठं नाही, धड लहान नाही, पण महानगरपालिका आहे आणि महापौरही आहे. अशा शहरात पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी झालात की निम्मी नोकरी पालिकेच्या बंदोबस्तात जाते. पाणी आलं नाही, मोर्चा. टपऱ्या उचलल्या, मोर्चा. सभागृहात माईकची फेकाफेक झाली की बोलावणं आम्हालाच.

त्या पालिकेत निम्म्या जागा बायकांच्या, कायद्यानेच. पण सभा चालू असताना बाहेर व्हरांड्यात त्यांचे नवरे बसलेले असत, आणि आतल्या बाईने हात कधी वर करायचा ते बाहेरून ठरत असे. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या ताईही अशाच निवडून आलेल्या. त्यांच्या यजमानांना सगळं शहर अण्णा म्हणायचं. वॉर्ड ऑफिसात ताईंच्या खुर्चीवर अण्णाच बसायचे. पहिली दोन वर्षं ताईंचा आवाज कसा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. मग शहराचा कचरा डेपो त्यांच्या वॉर्डात, वस्तीला अगदी लागून हलवायचा ठराव आला आणि ताई सभेत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या वॉर्डातली पोरं आधीच खोकतात. हा ठराव मला मान्य नाही." मी त्या दिवशी दाराशी बंदोबस्ताला होतो. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढे महापौराची निवडणूक लागली. दोन्ही गट अगदी काठावर. डेपो आणू पाहणाऱ्या गटातूनच ताई निवडून आल्या होत्या, पण घरात त्यांनी सांगून टाकलं होतं की मी या वेळी समोरच्यांना मत देणार. ताई तिकडे गेल्या तर गटाचं गणित फिसकटणार होतं, आणि मतदानाला आल्याच नाहीत तर कसंबसं जमणार होतं. अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते वाचकांना ठाऊक आहे. नगरसेवक फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेतात. सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा करतात, खाऊपिऊ घालतात आणि मतदानाच्या सकाळी थेट सभागृहाच्या दारात उतरवतात. पूर्वी महाबळेश्वर, फार तर गोवा चालायचा. आता परदेश हवा. हा गट शारजाहून गाडीने दीड तासावरच्या फुजैऱ्याला गेला. समुद्राकाठचं हॉटेल, दुबईसारखी वर्दळ नाही, ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती नाही. अण्णा आणि ताईही त्यात होते, असं सगळ्यांना सांगितलं गेलं.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात मी इथेच होतो. निवृत्ती जवळ आली होती, रजा साठली होती, परदेश प्रवासाची रीतसर परवानगी काढून आम्ही दोघं लेकीकडे आलो होतो. शनिवारी सकाळी ठाण्यातून माझ्या सहायक निरीक्षकाचा फोन आला.

"सर, रजेवर त्रास देतोय. ताईंची मुलगी ठाण्यात बसलीय. उठायलाच तयार नाही."

मुलगी कॉलेजात शिकणारी. तिचं म्हणणं, आई गेल्यापासून माझ्याशी एकदाही बोललेली नाही, नुसते व्हिडिओ येतात. आणि आईची इन्सुलिनची पेनं घरी फ्रिजच्या दारात तशीच पडली आहेत.

"मिसिंगची नोंद घेतलीय सर. पण अण्णा फोनवर ओरडतात, बायको माझ्याजवळ आहे, मिसिंग कसली करता? ताईंच्या मोबाइलचं लोकेशन काढलं, तेही तिकडचंच येतंय. विमानतळावरून माहिती मागवलीय, पण आज शनिवार. कागद सोमवारीच हलणार. आणि वरून सांगणं आहे की निवडणुकीच्या तोंडावर पोरीच्या बोलण्यावर जाऊ नका."

मतदान सोमवारीच होतं. मी म्हटलं, पोरीला फोन दे.

"काका," ती म्हणाली, "बाबा म्हणतात तिथे व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, म्हणून रेकॉर्ड करून पाठवतो."

हे खरं होतं. इथे तो कॉल लागत नाही, आम्हीही पहिल्या दिवशी वैतागलो होतो. मुरलेला खोटारडा नेहमी एक खरी गोष्ट पुढे करतो आणि तिच्या आडोशाला बाकीचं खोटं बसवतो.

"साध्या फोनवर बोल म्हणावं."

"आईचा घसा बसलाय म्हणतात. काका, आज तिची संकष्टी आहे. ती दिवसभर उपाशी राहणार, आणि इन्सुलिन नाही. तिला काही झालं तर नसेल ना?"

"काही होत नाही बाळा," मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोललो असेन देव जाणे.

जावयाला सांगितलं, फुजैऱ्याला जायचंय. त्याचा चेहराच पडला. "बाबा, इथे तुम्ही पोलीस नाही. व्हिजिट व्हिसावर आलेले पाहुणे आहात. कुणाची चौकशी करायला गेलात आणि कुणी कम्प्लेंट केली तर माझी नोकरी खलास."

त्याचं चुकत नव्हतं. मला इथे एका माणसालाही हटकण्याचा अधिकार नव्हता. मी म्हटलं, "चौकशी नाही करत. गावची माणसं आलीत, चहा पिऊन येऊ." त्याने गाडीची किल्ली उचलली आणि "यल्ला, चला मग" म्हणाला. वाटेत दोन्ही बाजूंना तपकिरी, उघडे डोंगर, मधे बोगदे, आणि पलीकडे एकदम समुद्र. तेलासाठी थांबलेली जहाजं लांबवर रांगेने उभी होती.

हॉटेलच्या लॉबीत आमचे लोकप्रतिनिधी बर्म्युडा घालून बसले होते. मला बघून दोघांनी सवयीने पाय खाली घेतले. एक म्हणाले, "साहेब, चहा पंचवीस दिरहमला एक! म्हणजे सहाशे रुपये झाले की हो!" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"अण्णा, ताई दिसत नाहीत?"

"खोलीत आहे. डोकं धरलंय. ऊन मानवलं नाही तिला."

"इन्सुलिन घरी राहिलं म्हणे. पोरगी काळजी करते."

"इथे घेतलं ना. समोरच्या फार्मसीतून."

मला स्वतःला मधुमेह आहे. त्याच आठवड्यात माझं पेन संपलं तेव्हा जावई मला आधी डॉक्टरकडे घेऊन गेला होता, चिठ्ठीशिवाय दुकानदाराने हात लावू दिला नव्हता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चिठ्ठी कुणाची घेतली?"

अण्णा ग्लासभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "मॅनेजरने केलं सगळं," आणि तो मॅनेजर किती भला आहे, कसा हबीबी हबीबी करत धावून येतो, हे मला बराच वेळ ऐकवलं. मी न विचारलेलं इतकं भरभरून सांगायला लागला म्हणजे माणूस विचारलेल्यावर झाकण ठेवत असतो. ठाण्यात असतो तर मी नुसता गप्प बसलो असतो आणि त्यांनाच बोलू दिलं असतं. इथे तेवढी मुभा नव्हती.

"दारातून दोन शब्द बोलतो ताईंशी. पोरीला सांगायला बरं."

"बाईमाणूस झोपलंय साहेब," अण्णा उठून उभे राहिले. "आणि तुम्ही इथे कुठल्या नात्याने विचारताय?"

जावयाने माझी बाही ओढली. निघताना लिफ्टपाशी दुसऱ्या एक नगरसेविका उभ्या होत्या. मी जवळ जाताच दबक्या आवाजात म्हणाल्या, "मला काही विचारू नका साहेब, माझा फोनसुद्धा त्यांच्या पिशवीत आहे. आम्ही वेगवेगळ्या विमानांनी आलो. आल्यापासून त्यांच्या खोलीचं दार मी उघडं बघितलेलं नाही." एवढं बोलून त्या झटकन लिफ्टमध्ये शिरल्या.

परतीच्या वाटेवर माझ्या डोळ्यांपुढून ते बंद दार हलेना. आत बाई बेशुद्ध पडली असेल का? की त्याहून वाईट काही झालंय आणि हे लोक सोमवारपर्यंत दडपून ठेवताहेत? इथल्या पोलिसांना कळवावं, तर माझ्या हातात पुरावा काय, एका पोरीची काळजी आणि एका बाईची कुजबूज. खोटं ठरलं तर जावयाचं इथलं बस्तान उठणार. न कळवावं आणि बाई दगावली, तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवू? इकडे आड तिकडे विहीर. नोकरीत मला भीती वाटली नाही असं मी कधीच म्हणणार नाही, पण त्या दिवशीसारखी क्वचितच वाटली असेल.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगून टाकलं की थोड्या वेळाने मी इथल्या पोलीस ठाण्यात जाणार. जावई खाली मान घालून बसला. आमची मंडळी म्हणाली, "उपास सुटला की मीही येते. एकट्याने जायचं नाही." तिने मोदक केले होते, नैवेद्याचं ताट झाकून ठेवलं होतं आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती.

तेवढ्यात सहायक निरीक्षकाचा निरोप आला. "सर, नवा व्हिडिओ. ताई ठीक दिसतात. पोरगी जरा शांत झाली."

मी बघितला. ताई पलंगाच्या कडेला बसलेल्या, मागे साधा पडदा, मांडीवर स्टीलचं ताट, त्यात वरणभात. आवाज खोल गेलेला. "खिडकीतून चंद्र दिसला गं. अर्घ्य दिलं. आता जेवते. तूही जेव." बस, एवढंच.

जिवंत आहेत! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी गॅलरीत गेलो आणि म्हटलं, "बघ, तुझ्या आधी ताई जेवल्यासुद्धा."

"जेवल्या?" ही माझ्यावरच उखडली. "कशा काय जेवल्या? मी इथे भुकेने चक्कर येऊन पडायची बाकी आहे आणि चंद्राचा पत्ता नाही!"

"आजी, द मून इज लेट टुडे," नात म्हणाली.

मला वाटलं, समोरच्या टॉवरआड असेल. लेकीने मोबाइलवर बघितलं. "नाही बाबा. इथला चंद्रोदय व्हायला अजून तासभर आहे. भारतात मात्र मघाशीच झाला."

चंद्र पूर्वेकडून येतो, म्हणजे आधी आपल्या देशात उगवतो, मग इथे. संकष्टी करणाऱ्या कुठल्याही बाईला हे पाठ असतं. पंचांगात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या छापलेल्या असतात त्या काही उगीच नाहीत.

ताई फुजैऱ्यात नव्हत्याच. त्या बंद दाराआड कुणी नव्हतंच!

ठाण्यात फोन लावला. "पोरीला विचार, आईच्या अंगावरचा ड्रेस कधीचा?" पलीकडून पोरीचाच आवाज आला. "मीच आणला काका, सहलीसाठी. निघायच्या आदल्या दिवशी." म्हणजे व्हिडिओ जुना नव्हता. ड्रेस आणल्यानंतर आलेली संकष्टी एकच, आजची. बाई भारतात होती, आणि कुठे होती ते फक्त अण्णांना माहीत होतं.

अण्णांना फोन केला. आवाज शक्य तितका गोड ठेवला. "जेवल्या का ताई?"

"हो साहेब, आत्ताच. चंद्र बघून जेवली. मी शेजारीच होतो, व्हिडिओ मीच काढला."

"वा. आता एक करा. हॉटेलच्या मागच्या दाराने वाळूवर या आणि मला सांगा, चंद्र कुठे आहे?"

"म्हणजे?"

"फुजैऱ्याचा समुद्र पूर्वेला आहे अण्णा. चंद्र पाण्यातूनच वर येतो. मधे डोंगर नाही, इमारत नाही. बघा आणि सांगा."

दार उघडल्याचा आवाज आला, मग लाटांचा.

"ढग असतील साहेब."

"मग ताईंना कसा दिसला?"

मी म्हटलं, "अण्णा, मी इथे तुमचं काही वाकडं करू शकत नाही. अटक नाही, चौकशी नाही. पण बाईला इन्सुलिन मिळून किती दिवस झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. आज दिवसभर उपाशी, आणि आत्ता भात खाल्लाय. कुठे ठेवलंय ते सांगा. उशीर झाला तर महापौर कुणीही होवो, तुम्ही बायकोला मुकाल."

अण्णांनी ठिकाण सांगून टाकलं. चुलतभावाच्या पोल्ट्रीवर, शहराबाहेर. हळूहळू सगळं बाहेर पडलं. विमानतळाच्या वाटेवर त्यांनी ताईंना सांगितलं, तुझं इन्सुलिन घरीच राहिलं, चुलतभावाच्या गाडीने जाऊन घेऊन ये, मागच्या विमानाने ये. इन्सुलिनची पिशवी बॅगेतून काढून ठेवणारे तेच. ताईंचा फोन त्यांनी स्वतःबरोबर आणला म्हणून लोकेशन इथलं येत होतं. पोल्ट्रीवर ताईंना धमकावून काढलेले व्हिडिओ त्यांच्याकडे यायचे आणि ताईंच्या फोनवरून पोरीला जायचे. सोमवारी "ताई आजारी पडल्या, परदेशातच राहिल्या" असं सांगायचं ठरलं होतं.

"आणि साहेब," शेवटी ते म्हणाले, "आता ती मत कुणाला देईल?"

मी फोन ठेवून दिला.

सहायक निरीक्षक महिला अंमलदार आणि रुग्णवाहिका घेऊन निघाला. मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. अण्णांनी चुलतभावाला सावध केलं असेल तर? त्याने बाईला तिथून हलवलं तर? एका फोनवर सगळं लटकलं होतं आणि तो वाजत नव्हता. मधेच टॉवरच्या फटीतून तांबूस चंद्र वर आला. हिने अर्घ्य दिलं, हात जोडले आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसली. मी म्हटलं, "जेवून घे." म्हणाली, "त्या बाईचा ठिकाणा लागू दे आधी. घास उतरायचा नाही माझ्या घशाखाली." नात झोपी गेली, मोदक निवून गेले.

शेवटी फोन आला. "सर, सापडल्या! खोलीला बाहेरून कुलूप होतं. शुद्धीवर आहेत. साखर इतकी वाढलीय की मशीन आकडाच दाखवत नाही, नुसतं 'हाय' येतंय. दवाखान्यात हलवतोय." जावई मागे उभा होता. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि "अल्हमदुलिल्लाह" म्हणाला. इथे राहून राहून 'देवाची कृपा'ऐवजी त्याच्या तोंडी तेच बसलंय.

ताईंचा जबाब त्या रात्री झाला नाही. सहायक निरीक्षकाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी सभागृह, मग जबाब." सोमवारी डॉक्टरांची परवानगी घेऊन त्या पोलीस बंदोबस्तात पालिकेत गेल्या, सलाइनची पट्टी लावलेला हात वर केला आणि समोरच्यांना मत दिलं. डेपोचा ठराव पुढे बारगळला. मग त्या ठाण्यात आल्या आणि पोरीला शेजारी बसवून जबाब दिला. बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. गटनेत्यांनी मात्र हात झटकले, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं म्हणाले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, आरोपी कशात हुशार आहे ते बघू नका, त्याने आयुष्यभर कशाकडे लक्ष दिलं नाही ते शोधा. अण्णांनी तिकिटांचा विचार केला, फोनचा केला, व्हिडिओचा केला. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, दर संकष्टीला बायको गच्चीवर उभी राहायची आणि हे खाली आठाच्या ठोक्याला जेवून मोकळे व्हायचे. चंद्र गावोगाव वेगळ्या वेळी उगवतो हे त्यांना कुठून कळणार? त्यांनी त्याची वाट कधी बघितलीच नव्हती.

एक गोष्ट तपासाच्या कागदांत कुठेच नाही. त्या रात्री रुग्णवाहिकेतून ताईंनी माझ्याशी बोलायला फोन मागून घेतला होता. "साहेब, मी तिथे नाही हे ओळखलंत कसं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमची मंडळी इथे चंद्रासाठी ताटकळत होती, म्हणून कळलं. त्यांच्या श्वासाची धाप मला ऐकू येत होती. कोंडून घातलेली, साखर चढलेली, दवाखान्याच्या वाटेवरची ती बाई मग म्हणाली,

"अगं बाई! मग वहिनी जेवल्या का?"